मदत हवी आहे: मोज्याच्या टाचेपाशी भोकं आणि निसटलेला टाका

प्रश्न
चार सुयांवर मोजा विणतेय. 64 टाके, 13 नंबरच्या सुया (2.25 मिमी), 25 टक्के नायलॉन असलेली 4 प्लाय लोकर. घोट्यापर्यंत 2 सुलट 2 उलट. मग 32 टाक्यांवर टाचेची 32 ओळींची पट्टी, दर ओळीचा पहिला टाका न विणता उचललेला. टाच वळवून 18 टाके उरले, इथवर जमलं. आता पट्टीच्या कडेचे टाके उचलताना एकीकडे 16 मिळतात, दुसरीकडे 15च. दोन्ही कोपऱ्यांत भोक दिसतंय. त्यात पावलावरच्या 32 टाक्यांतला एक सुईवरून निसटून 6 ओळी खाली गेलाय. सगळं उसवू का?

प्रतिसाद 1
अजिबात नको. आधी निसटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, बाकीचं नंतर.

मग नीट बघा, टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी थेट सुईपर्यंत दिसते का? दिसत असेल तर टाका आत्ताच पडलाय. क्रोशाची बारीक सुई समोरून टाक्यात घालायची, सगळ्यात खालचा आडवा धागा पकडून टाक्यातून ओढायचा, असं सहा वेळा. ही सुलट टाक्याची रीत. उलट टाका असेल तर मोजा फिरवून मागच्या बाजूने हेच करा, तिकडून तो सुलटच दिसतो. धागे क्रमानेच घ्या, एक जरी चुकला तरी मागे लोंबतो.

शिडी मध्येच संपत असेल तर टाका आधीच पडला होता आणि वरच्या ओळी त्याच्याशिवाय विणल्या गेल्यात. तिथे क्रोशा चालवलात तर विण आवळते. तेवढ्या ओळी उसवाव्याच लागतील.

प्रतिसाद 2
15 चं कारण बहुधा हे: एका ओळीचा पहिला टाका उचलायचा राहून विणला गेला. कडेला लांब साखळीऐवजी छोटी गाठ दिसेल. तिच्यातूनच सोळावा टाका घ्या, धुतल्यावर कळतही नाही.

भोक पडतं कारण वरचे 32 टाके थांबलेले असताना टाच विणली जाते आणि सांध्यातला धागा ताणला जातो. समोर दिसणारी मोठी फट हाच टाका समजून उचलू नका, भोक आणखी मोठं होतं. त्याच्या एक ओळ खालचा धागा पीळ देऊन सुईवर घ्या, दर कोपऱ्यात एक. मग एकूण 18+16+16+2+32 = 84. पुढे एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी, असं 10 वेळा केलं की परत 64.

प्रश्नकर्ती
शिडी सुईपर्यंत होती, टाका वर आला! 84 पण झाले. डावीकडे अजून बारीकशी फट आहे.

प्रतिसाद 2
ती राहू द्या. मोजा पूर्ण झाला की उलट बाजूने, बोथट टोकाच्या सुईने भोकाभोवतीच्या चार-पाच टाक्यांतून गोल धागा फिरवा आणि हलकेच ओढा. जोरात ओढलात तर घोट्याला गाठ टोचेल.