घरातून पोलिसांचा पाठलाग दिसला, कॅमेऱ्यातही आलाय. आता काय करायचं?

राणेनगरकर
आज सुट्टी, कॉलनीत शुकशुकाट. दुपारी अडीचच्या सुमारास काळ्या दुचाकीवरचे दोघे सुसाट गेले, मागोमाग बीट मार्शल आणि पोलिसांची गाडी. वळणावर मागे बसलेल्याने शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये काहीतरी भिरकावलं. पोलीस तसेच पुढे गेले, त्यांना ते दिसलं नसावं. गेटवरच्या कॅमेऱ्यात दुचाकी आली आहे (४ कॅमेरे, १ टीबीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं मशीन). वडील ६३ वर्षांचे आहेत, त्यांनी गच्चीवरून दोघांचे चेहरे पाहिलेत. त्यांना ठाण्यात जावं लागेल का? फुटेज कसं द्यायचं? कॉलनीच्या ग्रुपवर क्लिप टाका म्हणून सगळे मागे लागलेत.

गोदाकाठ
बाकी सगळं नंतर, आधी प्लॉटमधली वस्तू. ११२ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की पाठलागातल्या आरोपीने फेकलेली वस्तू इथे पडली आहे. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, त्यामुळे नुसतं ‘राणेनगर’ पुरत नाही. नाशिक शहर, जवळचा चौक, देऊळ किंवा शाळा, असं क्रमाने सांगा. मग दुचाकी कुठल्या दिशेने गेली, नंबरचे दिसले तेवढे आकडे, कपड्यांचे रंग. नंबर अर्धवट दिसला असेल तर अर्धवटच सांगा, अंदाजाने पूर्ण करू नका. चुकीच्या एका आकड्यापायी नाकाबंदीत भलतीच गाडी अडवली जाते आणि खरी निसटते. फोन लगेच दुसऱ्या कामात गुंतवू नका, गाडीवरचे अंमलदार पत्ता विचारायला उलट फोन करतात.

वस्तूला हात लावायचा नाही, काठीनेही उलटवायची नाही. पाकीट असो, साखळी असो की हत्यार, ती पंचनाम्यात जागेवरून जप्त व्हावी लागते. उचलून नेऊन दिली की ठसे पुसट होतात आणि ‘ती तिथेच पडली होती’ हे शाबीत करणं अवघड होतं. लांबून एक फोटो काढा, त्यात कंपाउंड किंवा विजेचा खांब येऊ द्या म्हणजे जागा ओळखता येईल. पोलीस येईपर्यंत पोरं आणि कुत्री तिकडे फिरकू देऊ नका.

डीव्हीआरवाला
फुटेज आजच काढा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी लागतात, चार कॅमेऱ्यांचे ८६. म्हणजे १ टीबी जेमतेम अकरा दिवस पुरते, ४ एमबीपीएसला त्याच्या निम्मे. मग जुन्यावर नवं चढतं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बरेच डीव्हीआर दुसरं काही ओळखत नाहीत. मेन्यूतल्या बॅकअपमधून २:१५ ते २:४५ असा अर्धा तास, चारही कॅमेऱ्यांचा काढा. एका कॅमेऱ्याचे साधारण ४५० एमबी होतात, चारही मिळून दोन जीबीच्या आत. आधीची पंधरा मिनिटं आवर्जून घ्या, तीच दुचाकी आधी एखादी चक्कर मारून गेलेली असू शकते. कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फाइल निघाली तर तिचा प्लेअरही सोबत द्या, नाहीतर ठाण्यातल्या संगणकावर ती उघडत नाही. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून पाठवणं अगदीच नाइलाज असेल तर. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि नंबरप्लेट वाचता येत नाही.

कोर्टगल्ली
वडिलांना ठाण्यात बोलावता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार ६० वर्षांवरील पुरुष आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी राहत्या घराबाहेर हजर व्हायला भाग पाडता येत नाही. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती, म्हणून हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. स्वखुशीने जायचं असेल तर हरकत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते (कलम १८१), त्यामुळे ‘सहीत अडकू’ ही भीती नको. पण जबाब वाचून दाखवायला जरूर सांगा.

वडिलांनी चेहरे पाहिलेत, म्हणून ग्रुपवर क्लिप नकोच. उद्या ओळख परेड झाली तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न हाच असतो: आरोपीचा फोटो आधी मोबाईलवर पाहिला होता का? त्यांना आत्ताच, कुणाशी चर्चा न करता, आठवतं ते कागदावर लिहू द्या आणि खाली तारीख-वेळ टाका. क्लिप फिरली की भलत्याच माणसाला ‘हाच तो’ म्हणून घेरलं जातं, ही भीती पोकळ नाही. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला.

फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ तुमचा: डीव्हीआरची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा). भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. पेनड्राइव्ह दिल्याची पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा.

राणेनगरकर
११२ ला फोन झाला, गाडी येतेय. वस्तू पाकिटासारखी दिसते, कुणी हात लावलेला नाही. एक अडचण: डीव्हीआरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. आधी ते बरोबर करून मग बॅकअप घेऊ का?

डीव्हीआरवाला
अजिबात नको! घड्याळ मागे घेतलं की त्याच वेळेचं दुहेरी रेकॉर्डिंग तयार होतं, काही मशीन गोंधळून आधीचं दाखवतच नाहीत. डीव्हीआरची चालू वेळ स्क्रीनवर आणा, शेजारी मोबाईलचं घड्याळ धरून दोन्ही एका फोटोत घ्या. जबाबात ‘डीव्हीआर ७ मिनिटे पुढे’ असं लिहून घ्यायला सांगा. बॅकअप काढताना हा फरक धरा: घटना २:३० ची असेल तर मशीनवर ती २:३७ ला सापडेल, म्हणून २:२० ते २:५५ घ्या. पोलीस फुटेज घेऊन गेल्यावरच घड्याळ लावा.