अल-कायदा आणि इस्लामिक स्टेट एकमेकांच्या जिवावर का उठले?

प्रश्न

अल-कायदा आणि इस्लामिक स्टेट यांची विचारसरणी जवळजवळ सारखीच दिसते. तरीही २०१४ पासून सीरियात त्यांचे लढवय्ये एकमेकांना मारत होते. या भागातील प्रत्येक लढाईला बातम्यांमध्ये ‘शिया-सुन्नी संघर्ष’ असे नाव दिले जाते. मग दोन कडव्या सुन्नी संघटनांमधल्या या वैराचा उलगडा कसा करायचा? आणि सौदी अरेबिया, इराण, कतार व तुर्कस्तान यांचा त्यात कोणता हिशेब होता?

प्रतिसाद १

या फुटीचे मूळ दोन संस्थापकांच्या वेगवेगळ्या घडणीत आहे. अल-कायदा १९८८ मध्ये पेशावरमध्ये, सोव्हिएत सैन्याविरुद्धच्या अफगाण युद्धातून उभी राहिली आणि पुढे ओसामा बिन लादेनने अमेरिकेला, म्हणजे ‘दूरच्या शत्रू’ला, मुख्य लक्ष्य ठरवले. अबू मुसाब अल-झरकावी हा मात्र जॉर्डनमधील झरका शहरातला, तुरुंगात अधिक कडवा झालेला माणूस. त्याच्या लेखी इराकमधील शिया हे अमेरिकेइतकेच मोठे शत्रू होते. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याने बिन लादेनशी निष्ठेची शपथ घेतली, पण ती दोघांच्याही सोयीची होती. बिन लादेनचा उपप्रमुख आणि पुढे अल-कायदाचा प्रमुख झालेल्या अयमान अल-जवाहिरीने त्याला लिहिलेले जे पत्र अमेरिकेने २००५ मध्ये उघड केले, त्यात शियांवरील हल्ले आणि ओलिसांच्या गळे कापण्याची दृश्ये यांमुळे सामान्य मुसलमान दुरावतील, अशी ताकीद होती. हा आक्षेप माणुसकीपोटी घेतलेला नसून निव्वळ डावपेचाचा आहे, हे पत्र वाचताना विसरता कामा नये.

झरकावी जून २००६ मध्ये मारला गेला. पुढे त्याच्याच संघटनेतून वाढलेल्या इस्लामिक स्टेटचा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी याने अबू मोहम्मद अल-जुलानीला सीरियात पाठवले आणि तिथे नुसरा आघाडी ही सशस्त्र संघटना उभी राहिली. एप्रिल २०१३ मध्ये बगदादीने ती आपल्यात विलीन झाल्याचे परस्पर जाहीर करताच जुलानीने नकार देऊन थेट जवाहिरीशी निष्ठा जाहीर केली. इराक तुझा, सीरिया जुलानीचा, हा जवाहिरीचा निवाडा बगदादीने धुडकावला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अल-कायदाने त्याच्याशी असलेले संबंध तोडले. त्यानंतर जूनमध्ये इराकमधील मोसूल शहर जिंकल्यावर बगदादीने खिलाफतीची घोषणा केली, आणि माझ्या मते तडजोडीचा मार्ग तिथेच बंद झाला. कारण खलिफा म्हणवणारा माणूस सर्व मुसलमानांची निष्ठा मागतो आणि इतर प्रत्येक संघटनेचा अधिकार रद्दबातल ठरवतो. उलट अल-कायदाची निष्ठा तालिबानच्या मुल्ला ओमरशी होती. तो २०१३ मध्येच मरण पावला होता, हे तालिबानने जुलै २०१५ मध्ये मान्य केले, आणि दोन वर्षे मृताच्या नावाने निष्ठा मागितल्याचा आरोप करायला इस्लामिक स्टेटला आयतीच संधी मिळाली.

प्रतिसाद २

वरील मांडणी पटते, पण इराकचे सैन्य मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने बरखास्त केले, हेही सांगायला हवे. बेकार झालेल्या काही अधिकाऱ्यांचे लष्करी ज्ञान पुढे बगदादीच्या कामी आले.

राष्ट्रांचे वागणे पाहिले तर पंथाचे लेबल आणखीच अपुरे ठरते. शिया इराणने सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांना वाचवण्यासाठी लेबनॉनमधील हिज्बुल्ला या शिया सशस्त्र संघटनेला सीरियात उतरवले, परंतु २००१ नंतर अल-कायदाचे काही वरिष्ठ नेते इराणमध्येच होते, कधी नजरकैदेत, कधी सौद्याची वस्तू म्हणून. इस्लामिक स्टेटने मात्र जून २०१७ मध्ये तेहरानमधील संसदेवरच हल्ला केला. सौदी अरेबिया आणि कतार ही दोन्ही सुन्नी राजवटीची राष्ट्रे. दोघेही असदविरोधी असूनही त्यांनी सीरियात वेगवेगळे गट पोसले, आणि मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी राजकीय संघटनेवरून त्यांचे वितुष्ट इतके वाढले की जून २०१७ ते जानेवारी २०२१ पर्यंत सौदीने कतारची नाकेबंदी केली. तुर्कस्तानच्या दृष्टीने तर सीमेलगतच्या सशस्त्र कुर्दांचा प्रश्न इस्लामिक स्टेटहून कमी गंभीर नव्हता.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. मग जुलानीचे पुढे काय झाले? तो अल-कायदातच राहिला का?

प्रतिसाद १

नाही. जुलै २०१६ मध्ये त्याने अल-कायदाशीही फारकत घेतली आणि २०१७ मध्ये इतर गटांना सोबत घेऊन हयात तहरीर अल-शाम ही संघटना स्थापन केली. तिच्या नेतृत्वाखालील फौजांनी ८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कस घेतले, असद मॉस्कोला पळाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तोच माणूस अहमद अल-शरा या मूळ नावाने सीरियाचा अंतरिम राष्ट्राध्यक्ष झाला. त्यामुळे इराणचा हिज्बुल्लापर्यंत जाणारा जमिनीवरचा मार्ग तुटला आणि दमास्कसमध्ये तुर्कस्तानचे वजन वाढले. बगदादीने ज्याला सीरियात पाठवले होते, त्याच्याच सरकारला इस्लामिक स्टेटचे उरलेले गट आता धर्मद्रोही ठरवतात.