अपग्रेडनंतर एक्स्टर्नल हार्डडिस्क माउंट होत नाहीये

प्रश्न: लिनक्स अपग्रेड केल्यापासून एनटीएफएसवाली (विंडोजच्या फॉरमॅटची) डिस्क माउंटच होत नाही, म्हणजे उघडतच नाही, 'बॅड सुपरब्लॉक' असं काहीतरी येतं, घरचे सगळे फोटो त्यातच आहेत हो, प्लीज सांगा कुणीतरी

उत्तर १: फॉरमॅट अजिबात करू नका! टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) लावून डीमेसेज (सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, 'व्हॉल्यूम इज डर्टी', म्हणजे डिस्क नीट बंद झाली नसल्याची खूण, दिसतंय का?

प्रश्नकर्ता: हो, तेच!

उत्तर १: मग डेटा बहुतेक शाबूत आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ ला, अशा डिस्क उघडणारा एनटीएफएस३ ड्रायव्हर आला, तो डर्टी डिस्क 'फोर्स' हा पर्याय दिल्याशिवाय लिहिण्यासाठी माउंट करत नाही आणि ते बरोबरच आहे. विंडोजवर चेकडिस्क स्लॅश एफ (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा.

उत्तर २: त्याआधी रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट करून फोटो कॉपी करून घ्या, ते चालतं. विंडोज नसेल तर मग लिनक्सवरच एनटीएफएसफिक्स मायनस डी (डर्टी खूण काढणारी कमांड).