शब्दचर्चा : 'घाऊक उत्पादन' म्हणावं की आणखी काही?

प्रश्न (दारव्ह्याहून) : आठवीला औद्योगिक क्रांती शिकवतो. 'मास प्रॉडक्शन'साठी घाऊक उत्पादन, पुंज उत्पादन, प्रचंड उत्पादन असे शब्द वाचनात येतात. माझी पोरं कापूसवाल्यांची आहेत, त्यांना हे शब्द नुसते पाठ होतात. त्यांच्या बोलण्यातला एखादा शब्द आहे का? आणि कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचा आपला 'जीन' हा शब्द त्याच क्रांतीतून आला का?

उत्तर (हिंगणघाटहून) : सर, जीनचं आधी सांगतो. तो 'एंजिन'चाच तुटून उरलेला तुकडा आहे. एली व्हिटनीने १७९४ मध्ये अमेरिकेत तारेच्या दात्यांच्या जीनचं पेटंट घेतलं (करवती दाते त्यानंतर आले) आणि तो शब्द जगभर गेला. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून हातरेचा होता. उलट दिशांनी फिरणारे दोन रूळ (लाटा), मधून कापूस ओढला की रुई पलीकडे आणि सरकी अलीकडे. आज विदर्भात चालतो तो 'डबल रोलर' जीन रेच्याच्याच घराण्यातला आहे. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला स्थिर सुरी टेकलेली असते आणि हलती सुरी सरकीला टोले देते. १८४० मध्ये अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थीने काढलेल्या यंत्राचं हे पुढचं रूप. करवती जीनपेक्षा यात धागा कमी तुटतो.

'जिनिंग'चं आपण काय केलं तेही वर्गात जरूर सांगा. इंग्रजीत ती क्रिया आहे, आपल्याकडे ती जागा झाली. 'कापूस जिनिंगवर नेला' म्हटलं की आवार, वजनकाटा, गाड्यांची रांग सगळं डोळ्यांपुढे येतं.

आता मूळ प्रश्न. 'घाऊक' मला अजिबात मान्य नाही. घाऊक हा विक्रीचा शब्द, किरकोळच्या उलट. तो फक्त 'पुष्कळ' एवढंच सांगतो, आणि पुष्कळ माल काढणं म्हणजे मास प्रॉडक्शन नव्हे. व्हिटनीच्याच जीनचं बघा. त्याने रुईचे डोंगर उभे केले, पण तो जीन गावोगावच्या लोहार-सुतारांनी बघून-बघून बनवला. प्रत्येक जीन वेगळा, एकाचा भाग दुसऱ्याला लागेल याचा भरवसा नाही. पुढे १७९८ मध्ये याच माणसाने सरकारला दहा हजार बंदुका द्यायचा करार केला. त्यांचे सुटे भाग कोणत्याही बंदुकीला लागतील, असा त्याचा दावा होता. शेवटची बंदूक १८०९ मध्ये पोचली, आणि आज उरलेल्या बंदुका तपासल्या तर भाग एकमेकींना लागत नाहीत. कल्पना बरोबर होती, पण लोखंड तितक्या नेमक्या मापात कापणारी यंत्रंच त्याच्याजवळ नव्हती.

ती यंत्रं इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लीसारख्या कारागिरांनी घडवली. पोर्ट्समथच्या गोदीत नौदलासाठी लाकडी कप्प्या करायला मार्क ब्रुनेलने आखलेली ४५ यंत्रं मॉडस्लीने बांधून दिली. १८०८ मध्ये तिथून वर्षाला १,३०,००० कप्प्या निघत होत्या, आणि ११० कसबी माणसांचं काम दहा साधी माणसं करत होती. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं एकच माप मांडलं. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही! मला तर फोर्डच्या गाडीपेक्षा हा आट्यांचा नियम मोठा वाटतो.

म्हणून मी 'एकमापी उत्पादन' म्हणेन.

प्रतिसाद (चांदूर बाजारहून) : दादा, विचार पटला, शब्द नाही. 'एकमापी' कोणी बोलत नाही. आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. गिऱ्हाईक रोज विचारतं, "कंपनीचा हाय का?" आणि दुसरं, "बसन का?" (बसेल का?) माझे सासरे सांगायचे, पूर्वी वखराची पास (लोखंडी पातं) त्याच वखराले लागे. दुसऱ्या वखराची आणली तर लोहाराकडे नेऊन तापवा, ठोका, पुन्हा लावून पाहा. त्याला आम्ही 'बसवणं' म्हणतो. आता ट्रॅक्टरचं बेअरिंग नंबर सांगून घेतात, ते सरळ 'बसतं'. सरांनी पोरांना बसवणं आणि बसणं यातला फरक विचारावा.

उत्तर (हिंगणघाटहून) : ताई, माझा शब्द मागे घेतो, तुमचाच घ्या. सगळा इतिहास या दोन क्रियापदांत मावतो. 'फिटर' हा शब्द बघा ना. जुन्या कारखान्यात फिटरचं मुख्य हत्यार कानस. दोन भाग एकमेकांत जात नाहीत, तर घासत बसायचं. १९१३ मध्ये हेन्री फोर्डने हायलंड पार्कला सरकता पट्टा चालू केला. गाडीची चासी (खालचा सांगाडा) जुळवायला साडेबारा तास लागत, ते वर्षभरात सुमारे दीड तासावर आले. श्रेय पट्ट्याला मिळतं, पण पट्ट्यावर कानस घेऊन थांबायला सवडच नसते. प्रत्येक भाग हातात आला की बसलाच पाहिजे, म्हणजे त्याआधीच माप पक्कं हवं.

प्रश्नकर्ते : ताई, दादा, उद्या वर्गात हेच घेतो. रुईची दाबून बांधलेली गठाण याच्यात येते का? पोरांना ती रोज दिसते.

उत्तर (चांदूर बाजारहून) : येते ना सर. खंडी म्हटली की धान्याची वेगळी, गावागावाची वेगळी. पण रुईच्या व्यापारात खंडी पक्की ३५६ किलो आणि गठाण १७० किलो. शेतातला कापूस कसाही असो, साधारण पाच क्विंटलची एक गठाण होते.

उत्तर (हिंगणघाटहून) : आणि ती दूर पाठवायची म्हणून दाबावी लागली. सैल रुई रेल्वेच्या डब्यात मावत नाही. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला तो कापसासाठीच, आणि १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल उघडली. दूरच्या गिरणीवाल्याला माल न बघता सौदा करायचा तर गठाण ठरल्या वजनाची लागते. फक्त सर, एक काळजी घ्या. गठाणीचं वजन सारखं असतं, आतली रुई नाही. धाग्याची लांबी आणि कचरा प्रत्येक गठाणीचा वेगळा तपासावा लागतो. तेव्हा गठाण 'बसते' असं पोरांना सांगू नका. ते फक्त नट-बोल्टचं.