ट्रॅक डेला लॅप टाइमर हवाच कशाला?

तिसरा गिअर
स्पोर्ट्‌स कारवाल्यांच्या क्लबात ट्रॅक डे (बंद रेस ट्रॅकवर आपापली गाडी पळवायचा दिवस) ठरला की पहिला प्रश्न येतो, "टायमिंगची सोय आहे का?" अँब्युलन्स किती, ट्रॅककडेला झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल किती, हे कुणी विचारत नाही. माझं मत सांगतो: क्लबच्या ट्रॅक डेला टाइमर अजिबात नको. गाडीला लावायचा वेळ नोंदवणारा ट्रान्सपाँडर नको, काचेला मोबाइल चिकटवून जीपीएस अ‍ॅप नको, पिटच्या (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेच्या) भिंतीपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा केलेला मेहुणाही नको.

चेन्नईबाहेरचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या, आपण ज्याला एमएमआरटी म्हणत आलो तो. लांबी साधारण ३.७ किमी. ताशी १०० ची सरासरी धरली तर एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर, सव्वादोन मिनिटांची. १५ मिनिटांच्या सत्रात पहिली लॅप टायर तापवण्यात जाते, शेवटची ब्रेक थंड करण्यात. मध्ये उरतात चार-पाच. समोर आकडा दिसला की माणूस नेमक्या या पहिल्या आणि शेवटच्या लॅपवर डल्ला मारतो. थंड टायरवर पहिल्याच वळणाला गाडी मातीत, हे त्यातलं स्वस्त प्रकरण. महाग प्रकरण शेवटी घडतं. तापलेल्या डिस्कसकट गाडी थेट पिटमध्ये येऊन उभी राहते. चालत्या गाडीत हवा डिस्क थंड करत असते. गाडी थांबली की तीच उष्णता पॅड आणि पिस्टनमधून कॅलिपरमधल्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ब्रेक ऑइलमध्ये शिरते. ऑइल उकळून बुडबुडे धरले की पुढच्या वेळी पॅडल सरळ तळाला जातं. वर सवयीने हँडब्रेक ओढलेला असतो, म्हणजे मागचे पॅडही तापलेल्या डिस्कला चिकटलेले.

शिवाय विमा. वेळ मोजली की ती शर्यत झाली, आणि शर्यतीला पॉलिसी लागू नाही.

पिटबोर्ड
पूर्ण असहमत. टाइमर काढला की स्पर्धा संपते, हा भाबडेपणा झाला. आकडा नसेल तर माणूस पुढच्या गाडीच्या बंपरशी स्पर्धा करतो, कारण मोजायला तेवढंच उरतं. ज्याला स्वतःची वेळ हवी आहे तो पिटमधून निघतानाच पुढच्याला दोनशे-तीनशे मीटर जाऊ देतो. गर्दीत लॅप फुकट जाते हे त्याला कळतं.

शिकण्याचं म्हणाल तर सर्वात वेगवान लॅप बघूच नका, फरक बघा. पाच लॅप एका सेकंदाच्या आत बसल्या तर ब्रेकिंग पॉइंट पक्का झाला. एक लॅप दोन सेकंदांनी चांगली आणि बाकी सैरभैर, तर ती चांगली लॅप नशिबाची. इन्स्ट्रक्टरने शेजारी बसून घसा कोरडा केला तरी जे पटत नाही, ते हा लॅपच्या वेळांचा कागद पटवतो.

टायरचंही तेच. थंड असताना ३२ पीएसआय भरलेला रोड टायर चार जोरकस लॅपनंतर ३८-३९ ला जाऊ शकतो. पकड सुटते, पण नवख्याला वाटतं आपणच चुकतोय. वेळ हळूहळू घसरत गेली की कारण कळतं. पिटमध्ये आल्याआल्या, टायर गरम असतानाच हवा काढून ३५ च्या आसपास आणायची, चारही चाकं मोजून. (आणि घरी निघण्याआधी पुन्हा भरायची! हाच टायर थंड झाल्यावर २८-२९ दाखवेल, आणि पुण्यापर्यंत हजारहून जास्त किलोमीटर हायवे आहे.)

पॉलिसीपान
तिसरा गिअर, विम्याचा मुद्दा तुम्ही अर्धाच मांडलात. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात आयोजित शर्यत आहेच, पण वेगचाचणी, पेसमेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं) आणि रिलायबिलिटी ट्रायलही (गाडी किती टिकते याची चाचणी) आहे. टाइमशीट म्हणजे सर्व्हेअरच्या हातात आयतं कोलीत, हे खरं. पण ती नसली म्हणून क्लेम पास होईल असं कुठे आहे? हेल्मेट घालून, गाडीला नंबर चिकटवून बंद ट्रॅकवर गेलात, एवढं त्याला पुरेसं वाटू शकतं. टाइमर काढून विमा वाचतो असं सदस्यांना सांगू नका. ट्रॅकवर गाडीचं जे होईल ते स्वतःच्या खिशातून, हे हमीपत्रात पहिल्याच ओळीत मराठीत आणि इंग्रजीत लिहा. बॅरिअर वाकवला तर त्याची भरपाई कोण देणार तेही लिहा. भांडणं तिथेच होतात.

तिसरा गिअर
विम्याचं मान्य. तो मुद्दा मागे घेतो. बंपरचा नाही घेत. मोकळी लॅप मिळावी म्हणून गर्दीतून वाट काढणारा टाइमरवालाच असतो.

पाना १३-१७
टाइमरवर एवढी शाई आणि ब्रेक ऑइलची चौकशी नाही. नवीन डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल पाणी शोषून मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातले दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्याला कुठलाही झेंडा वाचवणार नाही. डॉट ५.१ चाललं तर उत्तम. नुसतं डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही.

स्क्रूटिनीला (ट्रॅकवर सोडण्याआधीच्या गाडीच्या तपासणीला) बघा: पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. ड्रायव्हरकडची पायपुसणी बाहेर. सीटखालची बाटली, जंपर केबल, फास्टॅगचे जुने कागद बाहेर. व्हील नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि पहिल्या सत्रानंतर चाकं निवल्यावर पुन्हा. टो हुक (अडकलेली गाडी ओढायचा) आधीच लावून ठेवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत त्याला उलटे आटे असतात. मातीत रुतलेल्या गाडीत, मार्शल बोंबलत असताना, हे आठवत नाही.

निळा झेंडा
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. एका वेळी किती गाड्या सोडता ते सांगा. ३.७ किमीवर २० गाड्या म्हणजे सरासरी १८५ मीटरला एक. ताशी १८० ला हे अंतर चार सेकंदांचंही नाही. १२ सोडल्या तर तीनशेवर जातं. तीन गट, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे तासाला प्रत्येक गटाची एक फेरी. अँब्युलन्स कुणाला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद, म्हणून दिवसाला पाचच फेऱ्यांचं वचन द्या.

गट अनुभवावर पाडा, हॉर्सपॉवरवर नको. नवख्याची पोर्शे ९११ सरळ रस्त्यावर पोलोला मागे टाकते आणि पुढच्या तीन वळणांत तिचाच रस्ता अडवते.

ओव्हरटेक फक्त सरळ भागात, आणि पुढच्याने खूण केल्यावरच. ही खूण इंडिकेटरने ठरवू नका. हायवेवर ट्रकवाल्याचा उजवा इंडिकेटर म्हणजे "जा पुढे" की "मी उजवीकडे वळतोय", हे कळेपर्यंत जीव मुठीत असतो. ट्रॅकवर तोच घोळ नको. ड्रायव्हरची काच खाली, हात बाहेर. उजवीकडून जायचं तर बोट उजवीकडे. डावीकडून जायचं तर हात छतावरून पलीकडे दाखवायचा. ब्रीफिंगमध्ये प्रत्येकाकडून गाडीत बसवून एकदा करून घ्या. नुसतं सांगून विसरतात.

पिटबोर्ड
हाताच्या खुणेला +१. पण टाइमरबंदी पाळायला लावणार कशी? साठ जणांचे मोबाइल जमा करणार?

तिसरा गिअर
काचेवर काही चिकटवलेलं दिसलं की स्क्रूटिनीत नापास. चेन्नईच्या उन्हात सक्शन कप सुटतो आणि मोबाइल जातो तो थेट ब्रेक पॅडलखाली.

पिटबोर्ड
चिकटवायची गरजच नाही. अ‍ॅप चालू करून मोबाइल ग्लव्ह बॉक्समध्ये टाकला तरी बहुतेक गाड्यांत जीपीएस पकडतं. आकडे जेवताना बघायचे.

तिसरा गिअर
ग्लव्ह बॉक्स चालेल. झाकणाचा खटका नीट लागतो का, तेही स्क्रूटिनीच्या यादीत घ्या.