चाचणीच्या कापसाची पऱ्हाटी आणि सरकी शेवटी जाते कुठे?

प्रश्न (शेतकरी, परभणी जिल्हा): आमच्या बांधाला लागून एका कंपनीने भाड्याच्या रानात कापसाच्या नव्या वाणांची चाचणी घेतली होती. वेचणी उरकली, तारेचे कुंपण निघाले, पण पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडे, तिथेच ढीग लावून सोडून दिली. त्यात न उमललेली बोंडे होती आणि दाबून पाहिले तर आत सरकी भरलेली होती. गावच्या शेळ्या त्यावर आठ दिवस चरल्या, उरलेले बायांनी चुलीसाठी नेले. यावर सरकारची देखरेख असते का आणि विचारायचे कोणाला?

उत्तर १ (निवृत्त कृषी सहायक, नांदेड): आधी चाचणी कशाची होती ते पाहावे लागेल. देशात बीटी कापसाला, म्हणजे अळीला रोखण्यासाठी जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये मान्यता मिळाली. असे मान्यताप्राप्त जनुक असलेल्या वाणाची सरकी तेलघाण्यात जाते, पेंड जनावरे खातात, त्यात बेकायदा काही नाही. मात्र जनुकालाच मान्यता नसेल, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आणि बंदिस्त चाचण्यांसाठी २००८ मध्ये ठरलेली कार्यपद्धती लागू होते. तिच्यानुसार उरलेली झाडे, बोंडे आणि बियाणे नष्ट करावे लागते, आणि त्या जागी पुढे आपोआप उगवणाऱ्या रोपांवरही लक्ष ठेवावे लागते. १९८९ च्याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तुमचा अर्ज तिथेच जायला हवा.

उत्तर २ (शेतकरी महिला, सिल्लोड): दादा, मला तर दोन्ही बाबतींत काळजी वाटते. शंभर किलो कापसात रुई जेमतेम पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकीच. म्हणजे चाचणीतला मोठा वाटा मागे राहतो तो बियांचाच, आणि त्याचा हिशेब गावाला कोणी देत नाही. शिवाय जनुक मान्यताप्राप्त असले, तरी अशा बोंडांत गुलाबी बोंडअळी दबून राहते. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे लांबवू नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असे आम्हाला दरवर्षी बजावले जाते. तोच नियम चाचणीच्या रानाला नको का?

प्रश्नकर्ता: अर्ज लिहायला घेतला आहे. वाणात कोणते जनुक होते, सरकी किती निघाली, ती कुठे गेली आणि पऱ्हाटी नष्ट केल्याचा पंचनामा झाला का, एवढे चार मुद्दे त्यात घातले आहेत. ढिगातली दहा-बारा बोंडे मी पिशवीत बांधून ठेवली आहेत, तीही सोबत नेईन. मृगाच्या पावसानंतर त्या जागी रोपे उगवली, तर ती उपटण्याआधी तलाठ्यांना दाखवीन.