किल्ला स्पर्धेच्या नियमांत ‘फक्त माती-दगड’ एवढं लिहून भागत नाही
आपल्या कोल्हापुरातल्या दिवाळीच्या किल्ला स्पर्धांत थर्माकोल चालू द्यावा, मातीत बारकावे निघत नाहीत, असं इथं दोघांनी म्हटलंय. मला नाही पटत. पन्हाळगडाच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वाराच्या कमानी आम्ही गाळलेल्या शाडूत कोरल्या. माती कणकेपेक्षा किंचित घट्ट ठेवायची आणि पुरती वाळायच्या आत ब्लेडनं कापायची, कडा सरळ निघतात. स्पर्धा झाली की तीच माती भिजवून पुन्हा वापरायची. थर्माकोल शेवटी कोंडाळ्यातच जातो, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस एकदा धरलं की पाण्यात टाकून त्याची माती होत नाही.

पण आयोजकांना कळकळीची विनंती, नियम नीट लिहा. गेल्या वर्षी आमच्या फॉर्मवर फक्त ‘नैसर्गिक साहित्य’ एवढंच होतं. बुरुजाला चुना लावला म्हणून ऐन परीक्षणाच्या दिवशी गुण कापले. गडांच्या बांधकामात चुनाच तर वापरायचे! आठ दिवस राबलेली पोरं त्या रात्री जेवली नाहीत. पोतं, कामट्या, पुठ्ठा, सुतळी, चुना, यांतलं काय चालतं ते आधीच नावानिशी सांगा.

आणि विकतच्या मावळ्यांचं काय? पन्हाळा १:१००० मापात केला तर माणूस जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा होतो. ५ सेंटिमीटरचा मावळा तिथं ५० मीटर उंच ठरतो. मापाला गुण असतील तर मावळे गडावर नकोत, शेजारी वेगळ्या पाटावर मांडू द्यावेत.